किलोभर ज्वारीतील पाच दाणे

उत्तर भारतातील एखाद्या घरातली सहा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. गाव पानिपत असो, हिसार असो की मेरठ. तिच्या आवडीच्या पदार्थांची यादी तिची आई एका दमात सांगू शकते: तूप-साखर लावलेली रोटी, दुधात बुडवलेले बिस्कीट, बटाट्याचा पराठा, झटपट नूडल्स, पांढरा पाव, रव्याचा शिरा, साधा भात आणि केळे. यापलीकडचे काही ताटात आले की ती तोंड फिरवते. वर्ष-दीड वर्ष तिची उंची जेमतेम वाढली आहे, पोट फुगलेले असते, रक्तात लोह कमी आहे. मग एके दिवशी तपासणीत सिलिअॅक आजाराचे निदान होते आणि डॉक्टर सांगतात की गहू, जव आणि राय ही तीन धान्ये आयुष्यभरासाठी बंद. आठ पदार्थांपैकी सहा त्या एका वाक्याने पुसले जातात. उरतात भात आणि केळे.

येथून पुढचा सारा भार कुटुंबावर, आणि कुटुंबात बहुधा आईवर येऊन पडतो. आहारतज्ज्ञ पर्यायी धान्यांची यादी देतात, शेजारीपाजारी मुलीचे फाजील लाड झाल्याचा निर्वाळा देतात, आणि प्रश्न स्वयंपाकघराचा व शिस्तीचा आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अपुरे आहे. पर्यायी भाकरी त्या मुलीने नाकारली, तर तिच्या नकारात जेवढा हट्ट असतो, तेवढाच त्या भाकरीचा, त्या पिठाचा आणि ते पीठ ज्या वाटेने घरात आले त्या वाटेचा दोष असतो. हा उत्तरार्ध कृषी संशोधनाच्या कक्षेत येतो. तेथे त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होताना दिसत नाही.

सिलिअॅक ही साधी अॅलर्जी नव्हे. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाचे काही तुकडे पचनात पूर्णपणे मोडत नाहीत. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या व्यक्तींमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्या तुकड्यांविरुद्ध उभी राहते आणि त्या झटापटीत लहान आतड्याच्या आतील अस्तराचेच नुकसान होते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात. मूल पोटभर जेवले तरी उपाशीच राहते. यावर औषध नाही. ग्लुटेन पूर्णपणे वर्ज्य करणे एवढाच उपचार आहे, पण तो गुणकारी आहे आणि मुलांच्या बाबतीत तर विलक्षण गुणकारी आहे. गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध प्रथम ठामपणे मांडला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीच्या काळात नेमकी ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा ढासळली. डिके यांच्या मनात गव्हाविषयीचा संशय त्याआधीच रुजला होता; या अनुभवाने तो दृढ झाला आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

भारतात हा आजार दीर्घकाळ पाश्चात्त्यांचा मानला गेला. आता तसे म्हणता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुप्रांतीय अभ्यासात त्याचे प्रमाण उत्तर भारतात हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येत हजारी साडेचारच्या आसपास आणि दक्षिणेत हजारी एकाहूनही पुष्कळ कमी आढळले. आनुवंशिक ठेवण तिन्ही भागांत फारशी वेगळी नव्हती. ताटातला गहू मात्र फार वेगळा होता. रोटी जेथे रोजची, तेथे आजार अधिक. महाराष्ट्रातही गेल्या दोन पिढ्यांत भाकरीची जागा पोळीने झपाट्याने घेतली आहे, आणि इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीतील मराठी घरांचे ताट तर केव्हाच गव्हाचे झाले आहे. तेव्हा ही गोष्ट केवळ पंजाब-हरियाणाची समजून मराठी वाचकाने निश्चिंत राहावे असे नाही.

आता मुलीच्या नकाराकडे वळावे. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची भीती वाटणे हा वाढीचाच एक टप्पा असतो. बहुतेक मुले त्यातून आपोआप बाहेर येतात. सिलिअॅक असलेल्या मुलाच्या बाबतीत त्यावर आणखी एक थर चढतो. निदान होण्याआधी कित्येक महिने जेवणानंतर पोट दुखले आहे, मळमळले आहे. जेवण म्हणजे त्रास, ही गाठ त्याच्या मनात अनुभवाने बसलेली असते. लोह आणि जस्त यांची कमतरता असेल तर भूक मंदावते, ती वेगळीच. अशा मुलाला नखरेल ठरवणे अन्यायाचे आहे. गहू बंद झाल्यावर काही आठवड्यांत पुष्कळ मुलांची भूक उघडते; मात्र पोट बरे झाले म्हणून मनातली गाठ त्याच दिवशी सुटते असे नाही. तिला काही महिने द्यावे लागतात.

त्या महिन्यांत काय करावे याबाबत बालआहाराच्या अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. ताटात काय वाढायचे, केव्हा आणि कोठे जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलावर सोडावे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञेने मांडलेली ही विभागणी भारतीय घरांत पचायला जड जाते, कारण येथे मुलाच्या तोंडात घास कोंबणे ही मायेची खूण मानली जाते. तरीही ती आचरणात आणण्याजोगी आहे. नवा पदार्थ चमचाभर, ओळखीच्या पदार्थाशेजारी, कोणताही आग्रह न करता ठेवावा आणि त्याने नाकारला तर चार दिवसांनी पुन्हा ठेवावा. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो परत जाईल. दोनदा नाकारला म्हणून पदार्थ कायमचा बाद करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे.

अधिक उपयोगी गोष्ट म्हणजे मुलाला जो पोत आवडतो त्याचा पर्याय शोधणे. पौष्टिकतेचा विचार त्यानंतर करता येतो. नूडल्स आवडणाऱ्या मुलापुढे नाचणीची भाकरी ठेवून उपयोग नाही. त्याला कोकणातले तांदळाचे शिरवाळे किंवा दक्षिणेतला इडिअप्पम जवळचा वाटेल. बिस्कीट आवडणाऱ्याला कुरकुरीतपणा हवा असतो. तो राजगिऱ्याची चिक्की, मखाणे, कुरमुरे, घरी भाजलेले तांदळाचे पापड यांत सापडतो. शिऱ्यासाठी वरी आहेच. येथे एक मौजेची गोष्ट नोंदवावीशी वाटते: ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी शहरी कुटुंबे महागड्या दुकानांत हिंडत असतात, आणि त्याच घरात एकादशीला किंवा नवरात्रात वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि उत्तरेत कुट्टूचे पीठ बिनबोभाट शिजत असते. उपवासाचे फडताळ हे या आजाराचे तयार भांडार आहे. बाजारातील ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणि केक प्रवासात, वाढदिवसाला उपयोगी पडतात. रोजचा आधार म्हणून ती बरी नव्हेत. त्यांत बहुधा परिष्कृत पिष्ट आणि साखर अधिक, तंतू आणि लोह कमी. मोजके खाणारे मूल त्यांवरच स्थिरावले, तर गव्हाच्या जागी मैद्याचाच चुलतभाऊ आला असे होते.

पण रोटीचा प्रश्न यातून सुटत नाही. उत्तर भारतात रोटी हे अन्न असते आणि चमचाही असतो. डाळ-भाजी तिच्याच तुकड्याने उचलली जाते. रोटी गेली की जेवणाची रीतच जाते. म्हणून कुटुंब मका, बाजरी, ज्वारीकडे वळते, आणि पहिल्याच आठवड्यात हिरमुसते. गव्हाची कणीक भिजवताना ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून एक लवचीक जाळे तयार करतात. ते ताणते, फुगते, गार झाल्यावरही रोटीला मऊ ठेवते. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांना असे जाळे विणता येत नाही. मराठी घरांत यावर तोडगा आहे: पिठाला उकळत्या पाण्याची उकड द्यायची. उष्णतेने पिष्ट फुलते, चिकट होते आणि प्रथिनांचे काम काही वेळ पिष्टच करते. पीठ मळले जाते, भाकरी थापता येते. सोलापूर-मराठवाड्यातील कोणत्याही आजीला हे ठाऊक असते. हिसारच्या आईला ते कोणी सांगितलेलेच नसते. मात्र भाकरी थंड होऊ लागली की तेच पिष्ट पुन्हा घट्ट होत जाते. तव्यावरची मऊ भाकरी चार तासांनी शाळेच्या डब्यात पुठ्ठ्यासारखी होते. सहा वर्षांच्या मुलीचा निर्णय त्या डब्यात होतो, तव्यावर होत नाही.

येथे संशोधनाला थेट काम आहे. रब्बी ज्वारीत भाकरीची प्रत हा निकष पूर्वीपासून मानला गेला. मालदांडी ३५-१ हे वाण इतकी दशके टिकून राहिले त्यात तिच्या भाकरीच्या गोडीचा आणि मऊपणाचा वाटा मोठा आहे. पण हा मऊपणा ताज्या भाकरीचा, आणि तो ठरवणारे परीक्षक प्रौढ, ज्यांना भाकरीची सवय जन्मापासून आहे. चार तासांनंतरच्या थंड भाकरीचा मऊपणा वाणावाणांत किती बदलतो, पिष्टातील अमायलोजचे प्रमाण त्यात काय करते, इसबगोल किंवा उकडलेला बटाटा थोडा मिसळला तर तो किती टिकतो, हे प्रश्न प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहेत आणि खर्चाचेही नाहीत. बाजरीचा प्रश्न आणखी वेगळा. तिच्या पिठातील स्निग्धांश दळल्यावर लवकर खवट होतो. आठवड्याभरात पीठ कडवटते. मोठी माणसे ठेच्याबरोबर ते चालवून घेतात, मूल चालवून घेत नाही. त्याची जीभ या बाबतीत मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असते. खवटपणा उशिरा येणाऱ्या वाणांवर संशोधन चालू आहे. त्याचा हेतू मुख्यत्वे व्यापारी साठवणुकीचा असला, तरी त्याचे पहिले लाभार्थी असे मूल ठरू शकते. लोहाची चणचण असलेल्या या मुलांना ‘धनशक्ती’सारखी लोहयुक्त बाजरी किंवा ‘परभणी शक्ती’सारखी लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी देणे किती योग्य ठरेल, हे सांगायला नको; पण ते वाण हिसारच्या किराणा दुकानात नावानिशी मिळत नाही. तेथे ‘बाजरा’ मिळतो, एवढेच.

यापेक्षाही बिकट भाग अदृश्य आहे. समजा, मुलीने ज्वारीची भाकरी आनंदाने खाल्ली. ती ज्वारी निखळ आहे का? एका मध्यम रोटीत, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम कणकेत, अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. दिवसाला पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन बराच काळ पोटात गेले, तरी आतड्याला इजा होऊ शकते. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे त्या रोटीचा पन्नासावा भाग. बोटाच्या चिमटीत मावणारा तुकडा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्यासाठी किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हा आकडा शेताच्या भाषेत मांडला की त्याचा कठोरपणा कळतो. गव्हाचा एक दाणा साधारण चाळीस मिलिग्रॅमचा. त्यात नऊ-दहा टक्के ग्लुटेन धरले, तर किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली गेली. किलोभर ज्वारीत तीस हजारांच्या आसपास दाणे असतात. तीस हजारांत पाच.

आणि हे पाच दाणे मिसळण्याच्या जागा किती आहेत! रब्बी ज्वारी आणि गहू यांची काढणी मराठवाड्यात पाठोपाठ येते. मळणी यंत्र तेच, खळे तेच, ट्रॉली तीच. बारदान कालपर्यंत गव्हाचे असते. आडतीत ढिगाशेजारी ढीग असतो. सर्वात मोठी मिसळ गिरणीत होते. जात्याच्या टाक्यांत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू अडकलेला असतो, हवेत कणकेची धूळ असते, आणि पहिले मूठ-दोन मूठ पीठ बाजूला काढण्याचा उपचार या मोजमापापुढे अगदीच तोकडा ठरतो. म्हणूनच जाणकार कुटुंबांना पीठ विकत घेऊ नका असे सांगतात. अख्खे धान्य घ्यावे, सुपात पाखडून निवडावे, धुऊन वाळवावे आणि घरच्या घरघंटीवर, जिच्यात गहू कधीच पडला नाही अशा घरघंटीवर, दळावे. दाणा असेपर्यंत गव्हाचा आणि ज्वारीचा भेद डोळ्यांना दिसतो. पीठ झाल्यावर तो कोणालाच दिसत नाही. बेसनालाही हेच लागू, आणि बांधणीच्या हिंगालाही: त्यात अनेकदा गव्हाचे पीठ घातलेले असते, ही गोष्ट डाळीच्या फोडणीतून रोज सावकाश नुकसान करत राहते आणि कोणाला संशयही येत नाही. सोया सॉस, जवाच्या माल्टची पेये, सत्तू यांची नावेही याच यादीत घ्यावी लागतात.

कृषी शास्त्रज्ञांना ही मोजणी परकी नाही. बियाण्याच्या शुद्धतेची चाचणी करताना नमुन्यात इतर पिकांचे दाणे किती आले, हे किलोमागे मोजण्याची शिस्त बीज प्रमाणीकरणात रुळलेली आहे. तीच शिस्त खाण्याच्या भरडधान्याच्या एखाद्या छोट्या साखळीला लावता येईल. एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, जिच्या सभासदांच्या शिवारात त्या हंगामात गहू नाही. स्वतंत्र मळणी, नवे बारदान, वेगळे जाते, आणि प्रत्येक खेपेची ग्लुटेन तपासणी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, ‘श्री अन्न’ हे नाव घरोघरी पोचले, मधुमेह आणि वजन यांसाठी भरडधान्ये खाण्याचा प्रचार झाला. ज्यांच्यासाठी ती ऐच्छिक नाहीत, अशा मुलांचा उल्लेख त्यात अभावानेच आला. मधुमेही गिऱ्हाईकाला किलोत दोनशे गव्हाचे दाणे चालतात. या मुलांना पाच चालत नाहीत. अशा काटेकोर मालाला अधिक दर देणारी कुटुंबे आहेत, आणि तो दर आज बहुतांशी आयात पिठांकडे व ब्रँडांकडे जातो.

जाता जाता खपली गव्हाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सांगली-सातारा पट्ट्यात आणि उत्तर कर्नाटकात पिकणारा हा गहू गुणांनी मोठा आहे, आणि त्याच्या पुरणपोळीची बरोबरी दुसऱ्या कशाला नाही. पण ‘कमी ग्लुटेनचा, म्हणून सिलिअॅकला चालणारा’ अशी त्याची जी जाहिरात काही ठिकाणी होते, ती धोकादायक आहे. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. सिलिअॅकच्या रुग्णाला तो पूर्णपणे वर्ज्य आहे. बन्सी, शरबती, ‘देशी’, ‘जुने वाण’ या सर्वांनाही हेच लागू. वाणाच्या प्रेमापोटी विस्तार कार्यकर्त्यांनीही हा गैरसमज पुढे नेऊ नये.

याच ओघात दुसरी एक घाई थांबवायला हवी. मुलाला त्रास होतो म्हणून परस्पर गहू बंद करून महिन्याभराने तपासणीला नेले, तर रक्तातील प्रतिपिंडे उतरलेली असतात आणि निदान हुकते. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू चालू ठेवावा, डॉक्टरांनी सांगितल्यावरच थांबवावा. निदान झाल्यावर सख्ख्या भावंडांची व आईवडिलांचीही चाचणी करून घ्यावी. त्यांच्यात आजाराची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. आणि गहू सुटल्यानंतरही मुलाची खाण्याची यादी आक्रसतच गेली, वजन वाढेना, नव्या अन्नाच्या नुसत्या दर्शनाने उमासे येऊ लागले, तर त्याला हट्ट न समजता बालरोगतज्ज्ञाकडे आणि आहारतज्ज्ञाकडे परत जावे.

घराबाहेरचे जग मात्र घरच्या इतक्या काळजीला दाद देत नाही. शाळेतील मध्यान्ह भोजनात उत्तरेकडे रोटी किंवा दलिया असतो. वाढदिवसाला केक, देवळात रव्याचा शिरा, गुरुद्वारात कणकेचा कडाह प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायला मोठ्या माणसालाही जड जाते, तेथे सहा वर्षांच्या मुलीने काय करावे? आजोबा खिशातून हळूच बिस्कीट काढून देतात आणि त्यात त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. अशा वेळी घरातील इतरांनी रात्रीचे एक जेवण तरी तिच्यासारखेच करावे हा उपाय साधा आणि परिणामकारक आहे. पंक्तीत सगळ्यांच्या ताटात भाकरी असली की तिची भाकरी पथ्याची राहत नाही. पोळपाट-लाटणे आणि तवा वेगळे ठेवण्याचा खटाटोपही त्या वेळेपुरता कमी होतो.

गरीब कुटुंबाची अडचण याहून मूलभूत आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळते. गव्हाच्या राज्यांत त्याचा मोठा भाग गहू असतो. मुलीच्या नावचे पाच किलो तिच्यासाठी विष आहेत. ते विकून तांदूळ घ्यावा तर भाव पडतो, न विकावे तर घरात तिच्यासाठी वेगळे काही शिजत नाही. भरडधान्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवणाऱ्या कुटुंबाला त्या एका व्यक्तीपुरता गव्हाऐवजी तांदूळ किंवा भरडधान्य घेण्याची मुभा सर्वत्र असावी आणि शाळेच्या पोषण आहारातही त्या मुलासाठी भाताचा पर्याय असावा, या मागणीत खर्चाचा प्रश्न नगण्य आहे. संख्या थोडी आहे, धान्य गोदामात आहे.

कृषी विद्यापीठांच्या बाबतीत एक छोटी सुरुवात तर याच रब्बीत करता येईल. ज्वारीच्या नव्या वाणांची भाकरी जेव्हा परीक्षकांपुढे ठेवली जाते, तेव्हा तिचा एक तुकडा डब्यात घालून बाजूला ठेवावा आणि चार तासांनी परिसरातील शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना, पालकांच्या संमतीने, द्यावा. किती तुकडे खाल्ले गेले आणि किती परत आले, एवढेच लिहून घ्यावे.